झारीतला शुक्राचार्य: एका मंदावलेल्या एसएसडीचं प्रकरण

तक्रार एका सहकाऱ्याकडून आली. "अरे, बिल्ड मशीनची एसएसडी गेली बहुतेक. डंप चढवायला घेतला की माउससुद्धा जागचा हलत नाही. नवीन मागवू या का?" (बिल्ड मशीन म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम तयार करणारा आमचा संगणक, डंप म्हणजे डेटाची एकगठ्ठा प्रत.) मागवणं सोपं होतं. पण डिस्क खरोखर गेली असेल तर ती वाचतानाही कुरकुर करते, आणि हिची वाचायची गती उत्तम होती. लिहायला घेतलं की मात्र बसकण मारायची. एवढा एक फरक दिसला म्हणून मी खरेदी दोन दिवस थांबवली.

मशीन साधंच होतं, लिनक्सवर चालणारं. ३२ जीबी मेमरी, ५०० जीबीची अडीच इंची साटा एसएसडी (साटा ही डिस्क जोडायची पद्धत), आत टीएलसी फ्लॅश, म्हणजे दर सेलला तीन बिट साठवणारी. तिच्यावर तीन भाग (पार्टिशन): मशीन सुरू करायला लागणारे ईएफआय आणि बूट, आणि उरलेली सगळी जागा एका लुक्स कंटेनरला, म्हणजे एन्क्रिप्ट केलेल्या पेटीला. त्या कंटेनरच्या आत जागेचे व्हॉल्यूम पाडणारं एलव्हीएम, एलव्हीएमवर ईएक्सटी४ ही फाइल सिस्टम. म्हणजे फाइल सिस्टम आणि प्रत्यक्ष ड्राइव्ह यांच्यामध्ये दोन थर. ही उतरंड लक्षात ठेवा, सगळी गोम तिच्यातच आहे.

जो डंप पूर्वी ९ मिनिटांत चढायचा त्याला आता ४१ मिनिटं लागत होती.

मोजमाप, आणि मोजमापातली माझी फजिती

सवयीने पहिल्यांदा डीडी (डेटा कॉपी करणारी कमांड) चालवलं, टेम्प फोल्डरमध्ये. आकडा आला सेकंदाला २ जीबीच्या वर. क्षणभर बरं वाटलं, मग आठवलं की या मशीनवर टेम्प हे टेम्पएफएस आहे, म्हणजे मी चक्क रॅमचा वेग मोजत होतो. होम फोल्डरमध्ये जाऊन पुन्हा चालवलं तर १.४ जीबी. हेही अशक्यच. साटाची ६ गिगाबिटची लिंक तिच्या एन्कोडिंगचा खर्च वजा जाता सेकंदाला ६०० एमबीच्या वर जाऊच शकत नाही, आणि प्रत्यक्षात ५५० च्या आसपास मिळाले तरी पुष्कळ. हा आकडा पेज कॅशचा होता. कर्नलने डेटा मेमरीत घेतला, "झालं" म्हणून सांगितलं, आणि डिस्कवर उतरवायचं काम मागे ठेवलं. शेवटी एफडेटासिंक लावून, म्हणजे डेटा खरोखर डिस्कवर उतरेपर्यंत थांबून, मोजलं तेव्हा खरं रूप दिसलं: सेकंदाला ५८ एमबी.

माउस का गोठतो याचं निम्मं उत्तर इथेच मिळालं. डर्टी रेशोचं मूळ मूल्य २० टक्के असतं, म्हणजे उपलब्ध मेमरीच्या पाचव्या हिश्शाएवढं न उतरवलेलं लिखाण कर्नल साठू देतं आणि त्यानंतर लिहिणाऱ्या प्रोग्रॅमला अडवून धरतं. आमच्या मशीनवर हा साठा ६ जीबीच्या घरात जात होता. डिस्क जर सेकंदाला ४० एमबीनेच पीत असेल तर ६ जीबी रिकामे व्हायला अडीच मिनिटं लागणार. त्या अडीच मिनिटांत कुणी एफसिंक ('आत्ताच डिस्कवर उतरव') मागितला की तो रांगेत उभा. तात्पुरता उतारा म्हणून या साठ्याची, म्हणजे डर्टी बाइट्सची, मर्यादा २५६ एमबीवर आणली. गोठणं बरंच कमी झालं. लिहिण्याची गती मात्र तसूभरही वाढली नाही, आणि ती वाढणारही नव्हती.

पुढचं सगळं मोजमाप एफआयओ या चाचणी प्रोग्रॅमने केलं: १ एमबीचे ब्लॉक, डायरेक्ट मोड (पेज कॅश टाळून), सलग २० जीबी, आणि दर सेकंदाची नोंद फाइलमध्ये. सरासरीच्या एका आकड्यापेक्षा ही सेकंदागणिक नोंद कितीतरी जास्त बोलते. पहिले पाच सेकंद ४३० एमबी. सहाव्या सेकंदाला १९०. सातव्यापासून ३८, ४४, ४१, ०, ०, ६२, ३९. ती शून्यं पाहून माझे डोळे उघडले. वायर खराब असती तर गती एकसारखी पडली असती आणि लॉगमध्ये त्रुटी दिसल्या असत्या. इथे ड्राइव्ह अधूनमधून पूर्ण थांबत होती, आत काहीतरी आवरत होती आणि पुन्हा थोडं लिहून घेत होती.

त्याच वेळी दुसऱ्या खिडकीत डिस्कच्या कामाची आकडेवारी दाखवणारं आयओस्टॅट चालू होतं. लेखनासाठी वाट पाहण्याचा सरासरी वेळ ४०० मिलिसेकंदांच्या पुढे. वाचनाचा हा वेळही सोबत फुगलेला, कारण वाचनाच्या विनंत्या त्याच रांगेत अडकत होत्या. वापराचा रकाना १०० टक्के दाखवत होता, पण एसएसडीच्या बाबतीत मी त्या रकान्याकडे फारसं लक्ष देत नाही. एका वेळी अनेक विनंत्या हाताळणाऱ्या उपकरणासाठी "१०० टक्के वेळ काहीतरी चालू होतं" याचा अर्थ "क्षमता संपली" असा होत नाही.

नेहमीचे संशयित

हे पटापट तपासून बाजूला सारले. कर्नलच्या लॉगमध्ये लिंक ६ गिगाबिटवर जुळल्याची ओळ होती. वायरीतल्या चुका मोजणारा स्मार्टचा (ड्राइव्ह स्वतःच्या तब्येतीच्या ज्या नोंदी ठेवते त्यांचा) १९९ क्रमांकाचा काउंटर शून्य. बदली केलेले सेक्टर शून्य. झिजेचा आकडा आयुष्याचा बराच मोठा भाग शिल्लक असल्याचं सांगत होता. तापमान ४१ अंश. पार्टिशनची सुरुवात १ एमबीच्या सीमेवर, म्हणजे अलाइनमेंटही ठीक.

एन्क्रिप्शनवर सगळ्यांचाच आधी संशय जातो. पण लुक्स सांभाळणाऱ्या क्रिप्टसेटअपचा बेंचमार्क एईएस-एक्सटीएस या एन्क्रिप्शन पद्धतीसाठी सेकंदाला २ जीबीच्या आसपास दाखवत होता, आणि त्याच लुक्स थरातून वाचन ५३० एमबीने होत होतं. उलगडायला जो प्रोसेसर पुरा पडतो, तो गुंडाळायला दहापटीने कमी पडेल हे पटत नाही. डिस्कच्या विनंत्यांचा क्रम लावणारा शेड्युलर 'एमक्यू-डेडलाइन'वरून 'नन'वर (क्रमच न लावणारा) नेऊन पाहिला. काडीचाही फरक नाही. दोन-तीन ठिकाणी वाचलेला "बॅरियर बंद करा" (म्हणजे लिखाण ठरल्या क्रमाने खरोखर डिस्कवर उतरल्याची खात्री करणं सोडा) हा सल्ला मी पाळला नाही आणि कुणी पाळू नये. त्याने आकडे सुंदर येतात आणि एक दिवस वीज गेली की फाइल सिस्टम घेऊन जातात.

एसएलसी कॅशचा मुद्दा जास्त वजनदार होता. टीएलसी ड्राइव्ह आपल्या फ्लॅशचा काही भाग दर सेलला एकच बिट या पद्धतीने वापरते. तिथे लिहिणं झटपट होतं. तो भाग भरला की गती उतरते. पाच सेकंदांनी पडलेली गती या वर्णनात अगदी चपखल बसत होती. "स्वस्त ड्राइव्ह आहे, असंच चालणार" असं म्हणून प्रकरण मिटवायचा मोह झाला.

पण माझ्याकडे एक जुनी फाइल होती. ड्राइव्ह नवीकोरी असताना, इंस्टॉल करण्याआधी, हीच एफआयओ चाचणी मी कोऱ्या डिस्कवर चालवून ठेवली होती. त्यात २० जीबी शेवटपर्यंत ४३० च्या आसपास गेलेले, ४७ सेकंदांत काम फत्ते. म्हणजे या ड्राइव्हची कॅश २० जीबी सहज पचवत होती. आता ती दोन जीबीतच का संपते? अशा बऱ्याच ड्राइव्हमध्ये कॅशचा आकार ठरलेला नसतो. मोकळ्या जागेतूनच ती उसनी घेतली जाते. मोकळी जागा नसेल तर कॅशही आक्रसते. आणि जागेचा हिशेब देणारं डीएफ तर सांगत होतं की रूटवर, म्हणजे मुख्य फाइल सिस्टमवर, ३५३ जिबीपैकी (जिबी १०२४ च्या पटीत मोजतात; ५०० जीबीची ड्राइव्ह म्हणजे ४६५ जिबी) फक्त १६६ वापरलेले.

मोकळी जागा आहे असं फाइल सिस्टमला वाटतं. ड्राइव्हला काय वाटतं, हे मी अजून विचारलंच नव्हतं.

ड्राइव्हला फाइल पुसल्याचं कळतं कसं

फ्लॅशमध्ये लिहिणं पानापानाने होतं, पुसणं मात्र अख्ख्या ब्लॉकचं, आणि एका ब्लॉकमध्ये अशी शेकडो पानं असतात. लिहिलेल्या पानावर पुन्हा लिहिता येत नाही. त्यामुळे कोरे ब्लॉक संपले की ड्राइव्हमधल्या कंट्रोलरला एखादा जुना ब्लॉक निवडून त्यातली जिवंत पानं दुसरीकडे हलवावी लागतात, मग तो ब्लॉक पुसायचा आणि मग नवं लिहायचं. आपण एक पान लिहितो, आत दहा लिहिली जातात.

कुठलं पान जिवंत आणि कुठलं मेलेलं हे कंट्रोलरला स्वतःहून कळत नाही. आपण फाइल डिलीट करतो तेव्हा फाइल सिस्टम आपल्या नोंदवहीत तेवढी जागा मोकळी मांडते. ड्राइव्हच्या लेखी तिथला डेटा तसाच जिवंत राहतो. "हे आता नको" एवढं सांगण्यासाठी ट्रिम आहे. लिनक्स कर्नलने साटा ड्राइव्हला ट्रिम पाठवायला २०१० मध्ये, २.६.३३ या आवृत्तीपासून सुरुवात केली. आज बहुतेक ठिकाणी प्रत्येक डिलीटमागे तो न पाठवता आठवड्यातून एकदा एफस्ट्रिम (सगळ्या मोकळ्या जागेचा ट्रिम एकदम पाठवणारा प्रोग्रॅम) चालवणारा सिस्टमडीचा, म्हणजे सेवा चालवणाऱ्या यंत्रणेचा, टाइमर असतो.

आमच्याकडेही होता. सिस्टमसीटीएलला विचारलं: टाइमर सक्रिय, मागची फेरी सोमवारी मध्यरात्रीनंतर, सेवा यशस्वी, निकाल शून्य, म्हणजे त्रुटी नाही. सगळं हिरवं. मी यादीत "ट्रिम: ठीक" असं लिहूनही टाकलं होतं.

मग सहज म्हणून जर्नलसीटीएलमध्ये, म्हणजे सिस्टमच्या लॉगमध्ये, त्या सेवेच्या मागच्या आठ आठवड्यांच्या नोंदी काढल्या. दर सोमवारी दोनच ओळी. एक बूटची: इतके एमबी ट्रिम केले. एक ईएफआयची: इतके एमबी ट्रिम केले. झालं. रूटची ओळ एकाही सोमवारी नाही. त्रुटी नाही, इशारा नाही, ओळच नाही.

हाताने रूटवर एफस्ट्रिम चालवला. एका क्षणात उत्तर: डिस्कार्ड (म्हणजे ट्रिम) ही क्रिया इथे समर्थित नाही.

टाइमरमधली सेवा हाच प्रोग्रॅम चालवते, पण "जिथे समर्थन नाही तिथे गप्प बस" हा पर्याय लावून. त्यामागे कारण आहे. नाहीतर ज्या डिस्कला ट्रिम जमतच नाही तिच्यापायी दर आठवड्याला सेवा लाल झाली असती. पण आमच्यासारख्या ठिकाणी त्याची अळीमिळी गुपचिळी होते. काम झालं नाही आणि निकाल मात्र यशस्वी.

नेमकं कुठे अडलंय हे डिस्कवरचे थर दाखवणाऱ्या एलएसबीएलकेने दाखवलं. डिस्कार्डचा पर्याय देऊन चालवलं की प्रत्येक थरासमोर दोन आकडे येतात: डिस्कार्डचा सगळ्यात लहान तुकडा केवढा आणि एका वेळी जास्तीत जास्त किती. सगळ्यात वर ड्राइव्ह: ५१२ बाइट आणि २ जीबी. तिसरं पार्टिशन: तेच. त्याखाली लुक्स: ० आणि ०. त्याखाली रूटचा लॉजिकल व्हॉल्यूम: ० आणि ०. स्वॅप: ० आणि ०. शून्य जिथून सुरू होतं तिथेच झारीतला शुक्राचार्य बसलेला होता.

लुक्समागे एन्क्रिप्शन करणारा कर्नलमधला डीएम-क्रिप्ट हा थर ट्रिमच्या विनंत्या मुळात खाली जाऊ देत नाही. जाऊ देण्याची सोय २०११ मध्ये, कर्नल ३.१ पासून आली, पण ती आपण मागावी लागते. हा निष्काळजीपणा नाही. ट्रिम केलेले ब्लॉक ड्राइव्ह हातात पडलेल्या माणसाला वेगळे ओळखू येऊ शकतात. कुठे डेटा आहे, कुठे नाही, किती भरलं आहे, आत कुठली फाइल सिस्टम असावी, याचा अंदाज बांधता येतो. मजकूर फुटत नाही, नकाशा फुटतो. ज्याला डेटाचं अस्तित्वच नाकारता यायला हवं त्याने हे चालू करू नये. आमचं एन्क्रिप्शन मशीन चोरीला गेलं तर कोड बाहेर जाऊ नये एवढ्यासाठी होतं. नकाशा दिसला तरी चालण्यासारखं होतं, तरी मी हा निर्णय एकट्याने घेतला नाही, टीमला विचारून घेतला.

आणि एक कबुली. इंस्टॉल करताना "एन्क्रिप्ट करण्याआधी पूर्ण पार्टिशन यादृच्छिक डेटाने भरा" ही पायरी मीच आवर्जून चालवली होती. सुरक्षेच्या दृष्टीने ती बरोबरच. पण त्यामुळे ड्राइव्हच्या लेखी पहिल्या दिवसापासूनच एकही पान मोकळं नव्हतं, आणि नंतर कुणी तिला मोकळं झाल्याचं कळवलंही नाही. पुढचे सगळे महिने ती काठोकाठ भरलेल्या अवस्थेत, फक्त आतल्या थोड्या राखीव जागेवर, संसार रेटत होती. लहान लहान फाइलींच्या बिल्डने ब्लॉक जसजसे विस्कटत गेले तसतशी आतली आवराआवर महाग होत गेली.

दुरुस्ती, दोन वेळा

क्रिप्टटॅबमध्ये (एन्क्रिप्ट केलेले कंटेनर कसे उघडायचे ते सांगणारी फाइल) रूटच्या ओळीला डिस्कार्ड हा पर्याय जोडला, मशीन रीबूट केलं, एलएसबीएलके पाहिलं. शून्यच. पुन्हा ओळ तपासली, स्पेलिंग बरोबर. दहा मिनिटं डोकं खाजवल्यावर उजेड पडला. रूटचा कंटेनर उघडतो तो बूटच्या अगदी सुरुवातीला, इनिटरॅमएफएस या छोट्या तात्पुरत्या सिस्टममधून, आणि तिथे क्रिप्टटॅबची जुनी प्रत बसलेली असते. इनिटरॅमएफएस नव्याने बांधला, रीबूट केलं, आणि खालपर्यंत सगळीकडे ५१२ बाइट आणि २ जीबी. लुक्सची दुसरी आवृत्ती असेल तर याहून सरळ मार्ग आहे: क्रिप्टसेटअपच्या रिफ्रेशमध्ये अलाऊ-डिस्कार्ड्स आणि पर्सिस्टंट हे दोन्ही पर्याय द्यायचे. खूण लुक्सच्या हेडरमध्येच लिहिली जाते आणि पुढच्या प्रत्येक वेळी तिथूनच वाचली जाते. बाकीच्या मशीनवर मी तेच केलं.

रूटवर एफस्ट्रिम: १८७ जिबी. लगेच पुन्हा चालवला तर ० बाइट, आणि सहकारी म्हणाला, "बिघडलं परत!" बिघडलं नव्हतं. ईएक्सटी४ कुठले गट आधीच ट्रिम केले ते मेमरीत लक्षात ठेवतं आणि तिथे काही मोकळं होईपर्यंत ते गट पुन्हा पाठवत नाही. रीबूटनंतर ही आठवण पुसली जाते.

दरम्यान सहकाऱ्याने एक सूचना आधीच केली होती: एलव्हीएमच्या कॉन्फिगमधला इश्यू-डिस्कार्ड्स १ कर. मी ती झटकली होती, कारण फाइल सिस्टमकडून येणारा ट्रिम एलव्हीएम तसाही खाली जाऊ देतो. ते सेटिंग फक्त व्हॉल्यूम काढताना किंवा लहान करताना मोकळी झालेली जागा ड्राइव्हला कळवायची की नाही एवढंच ठरवतं. माझं म्हणणं बरोबर होतं, पण तेवढ्यावर थांबणं चूक होतं. या मशीनवर पूर्वी व्हर्च्युअल मशीनच्या इमेजसाठी ८७ जिबीचा एक व्हॉल्यूम होता. तो काढून टाकला होता आणि जागा कुणालाच दिलेली नव्हती. तिच्यावर फाइल सिस्टम नाही, म्हणजे एफस्ट्रिम तिथे कधीच पोचणार नाही. इश्यू-डिस्कार्ड्स शून्य असल्यामुळे काढतानाही ड्राइव्हला काही कळवलं गेलं नव्हतं, आणि कळवलं असतं तरी तेव्हा लुक्सने ते अडवलंच असतं. मग उरलेल्या सगळ्या जागेचा एक तात्पुरता व्हॉल्यूम बनवला, त्याच्यावर ब्लॉकडिस्कार्ड (अख्ख्या उपकरणाला ट्रिम पाठवणारी कमांड) चालवला आणि व्हॉल्यूम काढून टाकला. ब्लॉकडिस्कार्डला नाव देताना मी ते दोघांना मोठ्याने वाचायला लावलं. चुकीच्या उपकरणावर तो चालला तर तिथला डेटा गेलाच म्हणून समजा.

दोन्ही मिळून २७४ जिबी. ४६५ जिबीच्या ड्राइव्हचा निम्म्याहून मोठा भाग मोकळा असून ती तो भरलेला समजून वागत होती.

लगेच चाचणी घेतली तेव्हा सरासरी २१० एमबी आली, तीही लाटांसारखी वरखाली. आकडा सुधारला होता, पण जुन्या फाइलशी जुळत नव्हता. ट्रिम म्हणजे फक्त निरोप असतो. मेलेली पानं गोळा करून ब्लॉक कोरे करायला ड्राइव्हला निवांत वेळ लागतो. मशीन रात्रभर काही न चालवता सुरू ठेवलं. सकाळी तीच चाचणी: २० जीबी, ४९ सेकंद, शेवटपर्यंत ४०० च्या वर, एकही शून्य नाही. डंप ११ मिनिटांत चढला. ९ वर परत आला नाही, पण मधल्या काळात डंपही फुगला होता. डर्टी बाइट्सची मर्यादा काढून टाकली.

एक गोष्ट मात्र बदलली नाही. ४ केबीचं लिखाण, प्रत्येकामागे एफसिंक, ही चाचणी आधीही रखडायची आणि नंतरही जवळपास तितकीच रखडली. वीज गेल्यावर कॅश वाचवायला लागणारे कपॅसिटर या ड्राइव्हमध्ये नाहीत, म्हणून प्रत्येक एफसिंकला तिला खरोखर फ्लॅशपर्यंत जावं लागतं. तो ट्रिमचा विषय नाही. डेटाबेसच्या लहान लहान कमिटची तक्रार आली असती तर मी स्वतःच नवीन ड्राइव्ह मागवली असती, वेगळ्या जातीची.

इतर मशीन तपासली तेव्हा एन्क्रिप्ट केलेल्या तिन्हींवर तेच शून्य सापडलं. टाइमर तिन्हीकडे हिरवा. आता देखरेखीत सेवेचा निकाल पाहत नाही. जर्नलमध्ये त्या आठवड्यात रूटची ओळ आली का हे पाहतो, आणि नसेल तर इशारा येतो. बॅकअपची यूएसबी पेटीतली एसएसडी मात्र अजून तशीच आहे. तिच्यावर ना लुक्स ना एलव्हीएम, तरी एलएसबीएलके पहिल्याच ओळीत शून्य दाखवतं, कारण पेटीतली साटा ते यूएसबी चिपच निरोप पुढे देत नाही. तीन महिन्यांतून एकदा ती पेटीतून काढून थेट साटा पोर्टला लावायची आणि ट्रिम करायची, असं तूर्तास ठरलं आहे.